कपाटाचा कायापालट : एक तक्रार

जुन्या लाकडी सामानाचा ‘कायापालट’ करण्याची जी हौस आपल्या मध्यमवर्गीय घरांत बोकाळली आहे, तिच्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ती करण्याचा आमचा अधिकार डागाळलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण असा कायापालट आम्हीही करवून घेतला, निम्मा.

प्रकरण असे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गावचे घर विकले गेले तेव्हा आम्हां दोघांपैकी एकीच्या आजीचे सागवानी कपाट आमच्या वाट्याला आले. दोन दारे, आत चार फळ्या, खाली एक खण, पितळी कोयंडा. पॉलिश जागोजागी उडालेले, एका कोपऱ्याला वाळवी लागून गेलेली. झोपायच्या खोलीत ठेवायचे तर जरा ‘नीट’ करून घ्यावे, असे वाटले. मिस्त्री म्हणाले, “सर, मॅडम, काळजीच करू नका, शोरूममधून आणल्यासारखं करून देतो.” या वाक्यावर खूश होऊन आम्ही तास घ्यायला निघून गेलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा डावे दार बिजागऱ्यांतून सुटे करून, आतून-बाहेरून मशीनने घासून भिंतीला टेकवून ठेवले होते. पिवळट, कोवळे, कोरे. त्या दाराच्या आतल्या बाजूस आजी पेन्सिलीने हिशेब लिहीत असे. धोब्याला दिलेले कपडे, दुधाचे खाडे, कोणाला किती पायली तांदूळ उसने दिले. आणि मधेच, त्याच हस्ताक्षरात, एका मुलाच्या जन्माची तारीख व तिच्याखाली अकरा दिवसांनंतरची दुसरी तारीख. त्या मुलाविषयी घरात कोणी कधी बोलले नव्हते. त्याची दुसरी कोणतीही नोंद आमच्या पाहण्यात नाही. त्या तारखा आम्ही वाचल्या होत्या. उतरवून घेतल्या नव्हत्या.

मिस्त्रींना दोष देता येत नाही. त्यांनी सांगितलेले काम चोख केले. दोष ‘नीट’ या शब्दाचा, आणि तो बिनदिक्कत उच्चारणाऱ्या आमचा. बी.ए.च्या वर्गात आम्ही हस्तलिखितांतील समासातल्या नोंदी, खाडाखोड, लेखनिकाच्या चुका यांचे महत्त्व तासन्‌तास सांगतो. पाठभेद म्हणजे कचरा नव्हे, असे बजावतो. आणि घरातले एकमेव हस्तलिखित आम्ही घासायच्या मशीनखाली दिले!

यावर एक सुशिक्षित युक्तिवाद नेहमी पुढे येतो : शुद्धीकरण ही तर आपली परंपराच आहे, नाथांनी नाही का शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली? केली. पण शुद्ध करण्यासाठी मागे एक कर्ता होता, त्याची एक रचना होती, आणि तिच्यात नंतर शिरलेले वेगळे काढायचे होते. शिवाय १९०९ मध्ये राजवाड्यांना नाथपूर्व वाटलेली प्रत छापावीशी वाटलीच. म्हणजे शुद्ध झालेल्या संहितेच्या मागे काय होते, हा प्रश्न शुद्धीने मिटला नाही. कपाटाचे तर तसे मुळीच नाही. सुताराने पहिल्या दिवशी जे दिले ती त्याची मूळ संहिता, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे प्रक्षेप, असे कोण म्हणेल? कोयंड्याभोवती बोटांनी गुळगुळीत झालेले लाकूड हा प्रक्षेप असेल, तर मूळ संहितेशी आम्हांला काय करायचे आहे?

आता केवळ व्यवहाराचे पाहू, कारण विरोधकांचा सगळा भर व्यवहारावर असतो. सागाचा जुना गडद रंग उजेडाने आणि हवेने वर्षानुवर्षे चढतो आणि तो पृष्ठभागावरच असतो. मशीनने तो मिनिटांत जातो. मग उघडे पडलेले लाकूड फारच नवे दिसते म्हणून त्यावर डब्यातली ‘वॉलनट’ शेड चढवतात. म्हणजे खरे जुनेपण घासून फेकायचे आणि विकतचे जुनेपण फासायचे. त्याचाच दुसरा अवतार म्हणजे चॉक पेंट लावून, कडा मुद्दाम खरवडून, झिजल्याचा आव आणणे. या दोहोंपेक्षा आम्हांला चक्क सनमायका लावणारा माणूस अधिक प्रामाणिक वाटतो.

आणि पॉलिश? जुन्या सामानावर बहुधा लाखेचे पॉलिश असते. आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवला की ते चिकट होऊन विरघळू लागते. या दुबळेपणातच त्याचा गुण आहे : नवा हात जुन्या थरात मिसळतो, म्हणून आधीचे न घासता डागडुजी होते. आजचे पीयू कोटिंग स्पिरिटला दाद देत नाही. पुढे कधी ओरखडा पडला की पुन्हा घासणे आले. लाखेवर गरम कप ठेवला तर पांढरे वळे उठते, हे खरे. पण उभ्या कपाटावर चहाचा कप कोण ठेवतो?

१८७७ साली विल्यम मॉरिसने इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिला ‘अँटी-स्क्रेप’ हेच टोपणनाव पडले. त्या काळी जुन्या चर्चच्या भिंती खरवडून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याची लाट होती. खरवडणे हाच शत्रू, हे त्याने ओळखले होते. तो स्वतः उत्तम फर्निचर करवून घेणारा माणूस. त्याला नव्याचे वावडे नव्हते.

सगळेच राखावे, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली. तसा रंग झोपायच्या खोलीत कोरडा खरवडून मुलांच्या नाकात धूळ घालणे हा मूर्खपणा. वाळवीचा कोपराही आम्ही कापून काढला आणि तिथे जुन्या सागाचा तुकडा बसवला. नवा तुकडा नवा दिसतो. दिसू दे.

डाव्या दाराला वॉलनट शेड मारून ते उजव्याशी जुळवून देऊ का, असे मिस्त्रींनी दोनदा विचारले. आम्ही नको म्हणालो. सध्या कपाट दोन रंगांचे उभे आहे. पाहुणे खोलीत डोकावले की कामगार मध्येच पळाला का, असे विचारतात. उजवे दार आम्ही फक्त पुसून त्यावर लाखेचा एक हात दिला आहे. त्याच्या आतल्या बाजूस आजीने काहीच लिहिलेले नाही. तिथे आरसा होता, त्याच्या चार खिळ्यांची भोके आहेत. ती बुजवू का, असेही मिस्त्रींनी विचारले.