वजन उचलावे, पण कशाचे?

सौर विजेचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. दुपारी ती मुबलक असते आणि दिवेलागणीला, घरोघरची मागणी शिगेला पोहोचते तेव्हा, नाहीशी होते. दुपारची वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याचा उपाय म्हणून जड वजने उंच चढवून ठेवण्याच्या योजनांचा अलीकडे बराच गाजावाजा झाला. काँक्रीटचे ठोकळे वर न्यावेत, गरज भासताच खाली सोडावेत आणि उतरत्या वजनाने जनित्र फिरवावे, अशी ही कल्पना. ज्याने विहिरीवरची मोट पाहिली आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

हिशेब मात्र निष्ठुर आहे. १ टन वजन १०० मीटर, म्हणजे सुमारे ३० मजले, उंच चढविले तर त्यात पाव युनिटाहून किंचित अधिक वीज साठते; घरातला एक पंखा तीन-साडेतीन तास फिरेल एवढीच. २०२१ साली स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या लीथ बंदरात, ग्रॅव्हिट्रिसिटी या कंपनीने १५ मीटर उंच मनोऱ्यावर २५-२५ टनांची दोन वजने टांगून प्रात्यक्षिक केले. क्षणार्धात २५० किलोवॉट शक्ती देण्याची त्याची क्षमता. साठा पाहू गेल्यास जेमतेम २ युनिटे! अशा यंत्रणेत खर्चलेल्या विजेचा मोठा भाग परत मिळतो, हे मान्यच आहे. उणीव कार्यक्षमतेची नाही, वजनाची आहे. १ लाख युनिटे साठवायची तर साडेतीन लाख टनांहून अधिक ठोकळे १०० मीटर चढवावे लागतील. ते ओतायचे कोणी आणि किती खर्चाने?

सह्याद्रीने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. येथे वजन पाण्याचे आणि मनोरा डोंगराचा. प्रवरेच्या उगमाजवळचे घाटघर आणि खाली ठाणे जिल्ह्यातील चोंढे यांच्यात सुमारे ४०० मीटरांचा उतार आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे, वाढली की खाली सोडायचे, या रीतीने तेथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प चालतो. एवढ्या उंचीवर चढलेले १ घनमीटर पाणी साधारण १ युनिट देते. अशा प्रकल्पांत १०० युनिटे खर्चून ७० ते ८० परत मिळतात. दुपारी अतिरिक्त ठरणाऱ्या विजेच्या बाबतीत हा सौदा तोट्याचा नव्हे.

२०२३ साली राज्य सरकारने अशा प्रकल्पांसाठी धोरण आखले आणि घाटमाथ्यावर कंपन्यांची नजर वळली. त्यात गैर काही नाही. पण घाटमाथा ओसाड नाही. तेथे जंगल आहे, देवराया आहेत, वाड्यावस्त्या आहेत. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास भोगला. तरी गावे बुडाली आणि त्याच पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह उभे राहिले. टक्क्यांच्या हिशेबात हा खर्च कोठेच दिसत नाही. म्हणून करारावर सही होण्याआधी कोणते क्षेत्र बुडणार, याचा नकाशा मराठीत गावच्या चावडीवर लागला पाहिजे आणि ज्यांची जमीन जाणार, त्यांना पर्यायी जमीन पाणी चढण्यापूर्वी मिळाली पाहिजे.