ट्रॉलर स्वस्तात मिळतोय, म्हणून आत्ताच घ्यायचा का?



बंदीला आता महिनाच राहिला. १ जून ते ३१ जुलै सगळे ट्रॉलर बांधलेले असणार. दरवर्षी याच दिवसांत सोसायटीच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "सेक्रेटरी, अमक्याने ट्रॉलर विकायला काढलाय, भाव पडलाय म्हणतात. घेऊ की थांबू?" या आठवड्यात तिघांनी विचारलं. एकासोबत त्याचे वडील पण आले होते. बाप म्हणतो थांब, पोरगा म्हणतो आत्ता नाही तर कधीच नाही. चहा संपला तरी दोघं उठेनात, आमच्या तोंडाकडे बघत बसले. एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. पटलं नाही तर ऑफिसात येऊन भांडा, पण आधी वाचा.

आमचं मत असं की भाव पडलाय की चढलाय, हा प्रश्नच दुसऱ्या नंबरचा आहे. लोक त्यालाच पहिला धरतात, तिथे चुकतात.

बाजाराचं आधी बोलू, कारण जेटीवर सगळं बोलणं त्याचंच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा आपल्याकडे काही जण म्हणत होते, आता बोटी मातीमोल होणार. तो मोठा मार बसला तो कोळंबीला, आणि अमेरिकेला जाणारी कोळंबी मुख्यतः आंध्रच्या तळ्यांतली. आपल्या बांगड्याचा भाव ठरतो तो आपल्या बाजारात आणि आपल्या दर्यात. आणि दर्याचं काय सांगावं! शेजारच्या केरळात २०१२ साली तारले सुमारे ४ लाख टन मिळाले होते, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. पुढच्या दोन वर्षांत परत लाखाच्या वर. हे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे आहेत, आमच्या मनाचे नव्हेत. २०२१ साली केरळातल्या कुणी बोटमालकाने "आता काही खरं नाही" म्हणून बोट विकली असेल, तर त्याला मूर्ख म्हणता येईल का? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. बाजार कधी तळाला गेला हे तो वर आल्यावरच कळतं. म्हणून "अजून थोडा उतरू दे" म्हणत बसणाऱ्यालाही आमचा पाठिंबा नाही. असा थांबलेला माणूस आम्ही पाहिलाय, सात हंगाम थांबलाय, अजून दुसऱ्याच्याच बोटीवर तांडेल आहे.

आता हिशेब बघा. समजा ट्रॉलर २० लाखांचा. ८ लाख घरचे, १२ लाख बँकेचे, ११ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी. हप्ता येतो महिना २६ हजारांच्या आसपास. तुम्ही थांबलात आणि तोच ट्रॉलर २ लाखांनी उतरला, तर हप्ता कमी होणार साधारण ४ हजार ३०० रुपयांनी. वाईट नाही, पण घर तरायला किंवा बुडायला तेवढे पुरत नाहीत. घर बुडतं ते दुसऱ्याच कारणाने. बंदीचे दोन महिने मासळी शून्य, पण हप्ते दोन, म्हणजे ५२ हजार. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' वादळ आलं, त्याच्या पाठोपाठ 'महा'. ऐन हंगामात बोटी बांधून ठेवाव्या लागल्या. बँकेचं कॅलेंडर वादळ बघत नाही. त्यावर खलाशांची उचल आहे. ओडिशा, झारखंडहून माणसं आणायची तर उचल आधी द्यावी लागते, मासळी नंतर. बर्फ, डिझेल, जाळ्याची डागडुजी, विमा, हे सगळं पहिली फेरी विकायच्या आधी.

म्हणून पोरग्याला आम्ही विचारलं, "बोट घेतल्यावर तुझ्या हातात काय राहतं?" तो म्हणाला, "काही नाही, आईचं सोनं पण घालणार आहे." मग उत्तर झालं. ८ लाख गोळा झाले म्हणून बोट घ्यायची वेळ झाली असं नाही. ८ लाख देऊन वर सहा हप्ते, उचल आणि पहिल्या महिन्याचा खर्च बाजूला राहत असेल तर वेळ झाली, मग भाव थोडा चढा असला तरी घ्या. तेवढे नसतील तर बोट फुकट मिळाली तरी ती महागच. एवढ्या पैशात लहान फायबर होडी आणि चांगलं आउटबोर्ड येत असेल तर त्यात कमीपणा कसला? आपल्या आज्यांनी शिडाच्या होडीवर घरं उभी केलीत.

हे आम्ही शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका सभासदाने जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ट्रॉलर घेतला. सौदा चांगला होता, घाईचा होता. विकणारा म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक परवा येतंय. ट्रॉलर जमिनीवर ओढलेला, नवा रंग चकचकीत, इंजिन दहा मिनिटं चालवून दाखवलं. कमिटीचे आम्ही दोघं सोबत गेलो होतो आणि आम्हीच म्हणालो, घे. तिसऱ्या फेरीला गिअरबॉक्स गेला. दुसऱ्या बोटीने ओढून आणला. बाहेर काढल्यावर कळलं की फायबर चढवलेल्या खालच्या दोन फळ्या कुजलेल्या. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, खलाशी उचल घेऊन दुसऱ्याच्या बोटीवर गेले. वहिनींचं सोनं बँकेत गेलं ते अजून तिथेच आहे. त्यांच्या घरी गणपतीला जाताना आजही आमची मान वर होत नाही.

तर घ्यायचा असेल तर बघायची वेळ आत्ताची आहे, एप्रिल-मे. बोट अजून पाण्यात आहे, चालते आहे. मालकाला सांगून दोन फेऱ्या करा, जाळं ओढताना इंजिन काय म्हणतं ते ऐका. उभ्या बोटीत इंजिन सगळ्यांचंच गोड वाजतं. सकाळी न कळवता जा आणि सुरू करायच्या आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर समजा, तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवलं होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, तिथूनच घरी या. पंख्याचा शाफ्ट वेग वाढवल्यावर थरथरतो का बघा. मग जूनमध्ये ट्रॉलर वर ओढला की तळ बघा, रंग लावायच्या आधी. हातोडीने ठोका. भरीव लाकूड वेगळं वाजतं, कुजलेलं वेगळं, हे आपल्या बायका नारळ घेताना करतात तेच. लाकडावर फायबर चढवलेला असेल तर दुप्पट वेळ ठोका. इसार द्या, पण कागदावर लिहून द्या की तळ बघून झाल्यावरच सौदा पक्का.

कागदांचं थोडक्यात. नोंदणी कुणाच्या नावावर, बँकेचा बोजा आहे का, असल्यास ना हरकत दाखला. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर बुडाल्यावर तुम्हाला काही मिळेल असं धरू नका. सबसिडीची बोट असेल तर विकायला अट आहे का ते खात्यात विचारा. मालवण, कारवार किंवा मालप्याहून आणायची असेल तर इथली नोंदणी आपोआप होईल असं समजू नका, पैसे द्यायच्या आधी खात्याकडून लेखी घ्या.

एक गोष्ट विकणाऱ्यांच्या बाजूने पण. जूनमध्ये भाव का पडतो? कारण तेव्हा घरात पैसा नसतो, शाळा सुरू होतात, मालक आजारी असतो किंवा मागे बाईमाणूस एकटं राहिलेलं असतं. अशा घरी जाऊन "आज रोख देतो, पाच लाख कमी कर" म्हणणारे आपल्यातच आहेत, नावं घेत नाही. घासाघीस करा, धंदा आहे. पण विकणाराही याच सोसायटीचा सभासद आहे आणि उद्या तुमच्यावर तीच वेळ येऊ शकते.

त्या बापलेकांना आम्ही येत्या रविवारी बोलावलंय. ट्रॉलर त्याच मालकाचा बघायचाय, आपला मेकॅनिक सोबत येणार. ओहोटी सकाळी आहे, तेव्हाच निघू. बाकी दोघांनाही यायचं असेल तर शनिवारपर्यंत ऑफिसात सांगा. आणि हातोडी घेऊन या, ऑफिसातली मागच्या वर्षी कुणी नेली ती अजून परत आलेली नाही.