भिंगावरची काजळी

दिवाळीत कोल्हापूरला मावशीकडे गेलो होतो. फराळ उरकला न उरकला तोच मावसभाऊ म्हणाला, "दादा, जरा माडीवर ये की. मशीन रुसलंय."

मशीन म्हणजे त्याचं छोटं लेझर. नोकरी सांभाळून त्यानं हा जोडधंदा काढलाय. चप्पल लाइनमधून कोल्हापुरी पायताण आणायचं आणि त्यावर गिऱ्हाईकाचं नाव कोरून द्यायचं. लग्नसराईत नवरा-नवरीच्या नावांच्या जोड्या बऱ्या खपतात म्हणे. पण दिवाळीच्या तोंडावरच अक्षरं फिकट उमटायला लागली. भिंग काढून बघितलं तर त्यावर चहासारखा तपकिरी थर! पठ्ठ्यानं तो शर्टाच्या टोकानं खसाखसा पुसला होता. आता थरही होता आणि वर चरेही होते.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, आमच्या लेझर पॉइंटरला असं कधी होत नाही. बरोबर आहे. वर्गात फळ्यावर ठिपका पाडायचा पॉइंटर साधारण 5 मिलिवॅटच्या आतला, म्हणजे तो काही जाळत नाही. भावाचं लेझर 5 वॅटचं, हजारपट जोरकस. ते चामडं जाळूनच अक्षर काढतं. जाळलं की धूर आला, आणि धूर सगळ्यात आधी चढतो तो वरच्या भिंगावर. एकदा डाग बसला की तो डागच प्रकाश शोषून तापतो, मग त्यावर आणखी काजळी भाजून चिकटते. शेवटी भिंगावरचा पातळ लेपही जातो. हौसेनं जोरदार पॉइंटर मागवून काड्या पेटवणाऱ्या पोरांच्या भिंगाचीही हीच गत होते. (त्यांच्या डोळ्यांची काळजी मला जास्त वाटते, पण तो वेगळा विषय.)

मला आजीचा कंदील आठवला. गावी रोज तिन्हीसांजेला ती काच राखेनं पुसायची. पण त्याआधी कात्रीनं वात कापायची. आम्ही पोरं काच पुसायला भांडायचो, तर ती म्हणायची, "आदी वात बघा रे, मग काच." वात नीट असली की धूर कमी, धूर कमी की काच काळी होत नाही. भिंगाचं शास्त्र याहून फार वेगळं नाही. पुसण्यापेक्षा धूर तिथवर पोचू न देणं महत्त्वाचं.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. माशांच्या टाकीला लावतात तसला छोटा हवेचा पंप आणला. त्याची नळी भिंगाखालच्या तोंडाशी बांधली, म्हणजे हवेचा झोत धुराला खाली आणि बाजूला ढकलतो. शेजारी धूर ओढायला पंखा लावला. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पत्रा कापणारी मोठी लेझर मशिनं बघितलीत, तर तिथंही तत्त्व हेच. नोझलमधून नायट्रोजन नाहीतर ऑक्सिजन जोरात सुटतो, आणि भिंगापुढे एक साधी काच असते. मार खायचा तो तिनं खायचा, खराब झाली की ती बदलायची, महागडं भिंग शाबूत.

पुसायचंच झालं तर मशीन बंद करून गार होऊ द्यावं. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवावी, नाहीतर तीच धूळ काचेवर चरे पाडते. मग भिंगाचा मऊ कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओला करून हलक्या हातानं एकदाच फिरवावा, दुसऱ्यांदा नवा कागद घ्यावा. शर्ट, पदर, काच पुसायचा घरगुती स्प्रे, काही नको.

नवं भिंग बसलं, अक्षरं कशी झकास उमटली! मी जरा फुशारलोच. तेवढ्यात भावाला पायताणं देणारे आण्णा नव्या जोड्या घेऊन वर आले. दारातच थांबले, नाक आक्रसलं आणि म्हणाले, "केस जळल्यागत वास मारतोय की रं. आनि पोरगी हितंच अभ्यासाला बसती व्हय?"

बसते. माडीवर एकच खोली आहे. आम्ही भिंगासाठी तीन तास घालवले, पण कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या भाचीकडे दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं. भावाचा खोकला महिनाभर चाललाय, तो लेझरमुळेच असं मी म्हणणार नाही. पण जो धूर काचेवर तपकिरी थर देतो, तो आपल्या छातीत काय देत असेल, हा प्रश्न डोक्यात यायला आण्णा लागले. मशीनबरोबर आलेला नारिंगी गॉगलसुद्धा पिशवीतून बाहेर निघाला नव्हता.

माझं मत विचाराल तर गोम इथंच आहे. भिंगाची किंमत बिलावर छापलेली असते म्हणून आपण त्याला जपतो. माणसाच्या छातीचं बिल उशिरा येतं.

आण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खरं कोल्हापुरी पायताण बाभळीची साल, हिरडा असल्या वनस्पतींवर कमावलेल्या चामड्याचं. 2019 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण स्वस्तात मिळतं म्हणून लोक क्रोमनं कमावलेलं चामडं किंवा रेक्झिन लेझरखाली घालतात. क्रोमचं चामडं जाळलं तर त्यातलं क्रोमियम जास्त विषारी रूपात जाऊ शकतं. रेक्झिन बहुतेक पीव्हीसीचं, त्यातून निघणारा आम्लाचा वायू मशीनचं लोखंडही खातो आणि माणसालाही सोडत नाही. आणि चामडं अस्सल असलं तरी धूर तो धूरच.

पंखा खिडकीतून बाहेर सोडून भागणार नव्हतं, खाली शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असतात. म्हणून बारीक कण आणि वास दोन्ही अडवणारी गाळणी बसवायची ठरली. ती नव्या भिंगापेक्षा महाग पडली. भाऊ जरा कुरकुरला, तेव्हा मावशी खालूनच म्हणाली, "काचेला घातलेस तेव्हा नाही कुरकुरलास!" विषय संपला.

भाचीचं टेबल आता खाली सोप्यात आहे. परवा फोनवर भाऊ सांगत होता, भिंग महिनाभर पुसावं लागलेलं नाही. मी विचारलं, "आणि खोकला?" म्हणाला, "डॉक्टरांकडं जाणार आहे या शनिवारी."

शनिवारी संध्याकाळी मी परत फोन करणार आहे. नातेवाईक मंडळी, तुम्हीही करा.