केस लावून झाले, आता डोके सांभाळा

सदर : घर आणि आरोग्य



हडपसरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा मगरपट्ट्यातील एका कंपनीत नोकरीस आहे. वय तीस, घरात लग्नाची बोलणी चालू. पुढचे केस विरळ झाले म्हणून त्याने घरी कोणाला न सांगता, साठवलेल्या पैशांतून केस लावून घेतले. म्हणजे ज्याला आपण हेअर ट्रान्सप्लांट म्हणतो ते केले. संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून तो दारात उभा राहिला तेव्हा आईला वाटले, अपघातच झाला.

या ताई लिहितात, "आज चौथा दिवस आहे. डोक्यावर बारीक बारीक खपल्या धरल्या आहेत. कपाळ सुजून सूज डोळ्यांपर्यंत उतरली आहे. कोमट खोबरेल तेल लावून खपल्या मऊ करून काढू का? तो हात लावू देत नाही. दोन महिन्यांवर साखरपुडा आहे, तोवर केस येतील ना?"

पत्राचे उत्तर छापून येईपर्यंत आठवडा जातो, म्हणून ताईंना फोनवरच सांगितले, की तेल लावू नका, खपलीला नख लावू नका आणि सूज आहे हे आजच त्याच्या डॉक्टरांना कळवा. पण असा प्रसंग आता अनेक घरांत येऊ लागला आहे. मुले शस्त्रक्रिया करून येतात, डॉक्टर एक कागद देतात, तो खिशात राहतो आणि घरातली माणसे मायेपोटी नको ते करतात. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम हे केस कुठून येतात ते समजून घेऊ. डोक्याच्या मागच्या व कानामागच्या भागातले केस सहसा टक्कल पडले तरी टिकतात. तिथून एक ते चार केसांचा छोटा पुंजका मुळासकट काढायचा आणि पुढे बारीक छिद्र करून त्यात बसवायचा. जपानमध्ये ओकुडा या डॉक्टरांनी 1939 साली अशा रोपणाची माहिती प्रसिद्ध केली होती. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 साली दाखवून दिले, की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळचा गुण सोडत नाही. या एका गोष्टीवर ही सगळी विद्या उभी आहे.

पण काढलेल्या मुळाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी पहिले काही दिवस ते भोवतालच्या पाझरावर जगते, मग हळूहळू नव्या बारीक रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे जाताना रोपवाटिका लागतात. तिथल्या माळ्याला विचारा, नुकते लावलेले रोप कोणी रोज हलवून पाहील का? डोक्याचेही तसेच आहे. बर्नस्टाइन व रासमन या अमेरिकेतील डॉक्टरांनी 2006 साली याची तपासणी प्रसिद्ध केली. घट्ट चिकटलेली खपली ओढली, तर पाचव्या दिवसापर्यंत तिच्याबरोबर लावलेले मूळही हमखास निघून येत होते. नवव्या दिवसापर्यंत हा धोका संपत होता. ताईंचा मुलगा चौथ्या दिवशी आईला हात लावू देत नव्हता, हे त्याने योग्यच केले.

आता दिवसांच्या क्रमाने पाहू. प्रत्येक डॉक्टरांच्या सूचनांत थोडा फरक असतो. खाली दिलेले आणि तुमच्या डॉक्टरांचे सांगणे यांत अंतर पडले, तर डॉक्टरांचेच ऐकावे.

पहिले तीन दिवस : लावलेल्या जागेला हात, टॉवेल, कंगवा काहीही लागू देऊ नये. दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवून उताणे झोपावे. त्याने सूज कमी राहते. उशीचा अभ्रा स्वच्छ, सुती आणि रोज बदललेला असावा. डॉक्टरांनी सलाइनचा फवारा दिला असेल, तर सांगितलेल्या वेळी हलकेच मारावा. खाली वाकून काम करू नये, वजन उचलू नये. बर्फ शेकायचा तर फक्त कपाळावर, लावलेल्या केसांवर कधीही नाही.

चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत : डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून डोके धुण्यास सुरुवात होते. शॉवरची धार थेट सोडू नये. सौम्य शाम्पूचा फेस हातावर करून तो वरून नुसता टेकवावा, थोडा वेळ ठेवावा आणि मग्ग्याने हळूहळू पाणी ओतावे. घरी बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर ते उकळून गार केलेले वापरावे. डोके पुसू नये, आपोआप वाळू द्यावे. साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, बोटांच्या पेरांनी अगदी हलके गोल फिरवले की मऊ झालेल्या खपल्या सुटतात. नख मात्र लावायचे नाही. मागच्या बाजूला पट्टी काढून टाके घातले असतील, तर ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर मान एकदम वाकवू नये.

तेलाविषयी : आपल्या घरात डोक्याला तेल म्हणजे आईची माया. पण पहिले काही आठवडे तेल नको. तेल लावताना चोळणे होते आणि तेलावर धूळ बसते. हळद, कांद्याचा रस, लिंबू, कोरफड हेही नको. ती ताजी जखम आहे, तिच्यावर घरगुती प्रयोग करू नयेत. तेल, मेंदी किंवा कलप कधीपासून लावायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हेल्मेटविषयी : गाडीतळावरून रोज दुचाकीने जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. पहिले दहा-बारा दिवस हेल्मेट घातले तर लावलेली मुळे घासली जातात. न घालता गाडी चालवली तर जीव धोक्यात. म्हणून दुचाकीच बंद ठेवावी, बसने किंवा रिक्षाने जावे. डॉक्टर सांगतील तेव्हापासून सैल टोपी घालावी, कारण ऊन आणि धूळ दोन्ही टाळायची आहेत.

तंबाखूविषयी : सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री या सर्वांत निकोटिन आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ज्या मुळाला नवा रक्तपुरवठा मिळवायचा आहे, त्याचा घास आपणच काढून घेतो. दारूही या दिवसांत वर्ज्य. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि डॉक्टरांना न विचारता अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

श्रामणेर शिबिराविषयी : काही तरुण शिबिराला जातात आणि तेथे मुंडन करावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने डोक्यावर वस्तरा फिरवू नये. मुळे पक्की रुजल्यावर मुंडनाने त्यांचे नुकसान होत नाही, केस पुन्हा वाढतात. तेव्हा डॉक्टरांच्या परवानगीने पुढच्या शिबिराला बसावे. घाई करू नये.

आता धोक्याची लक्षणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर येणारी, डोळ्यांपर्यंत उतरणारी आणि आठवड्याभरात ओसरणारी सूज बहुधा साधी असते. डोके बधिर वाटणे, खाज येणे हेही काही दिवस चालते. पण ताप आला, दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पू आला, लाली पसरू लागली किंवा त्वचा काळी पडू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तोंड-घसा सुजून श्वास लागत असेल, तर एक मिनिटही थांबू नये. 108 ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केस लावल्यानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. त्यांचा चेहरा व घसा सुजला होता, श्वास घेता येत नव्हता आणि तीव्र अ‍ॅलर्जीची शंका व्यक्त झाली होती. असे क्वचितच होते, पण हौसेसाठी केलेली शस्त्रक्रियाही अखेर शस्त्रक्रियाच असते.

ज्यांचे अजून व्हायचे आहे, त्यांनी स्वस्ताच्या जाहिरातीला भुलू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट सांगितले, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हे काम शिकता येत नाही, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण हवे. डॉक्टर त्वचारोगाचे किंवा प्लास्टिक सर्जरीचे पदवीधर आहेत का, त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का आणि सुई-चाकू प्रत्यक्ष कोणाच्या हाती असणार, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत. केस गळण्याचे कारणच कळले नसेल, तर आधी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. प्रत्येक केसगळतीला शस्त्रक्रिया लागत नाही.

शेवटी ताईंचा खरा प्रश्न. दोन महिन्यांत केस येतील का? नाही ताई, येणार नाहीत. उलट साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळून पडतील. कधी कधी शेजारचे जुने केसही तात्पुरते झडतात. त्या वेळी रडू नका आणि पैसे बुडाले असे मुलाला बोलू नका. वरचा केस पडतो, मूळ आत जिवंत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस डोके वर काढू लागतात. त्या सुमारास पुटकुळ्याही येतात. त्या फोडू नयेत, फार झाल्या तर दाखवाव्यात. सहाव्या महिन्यात फरक दिसतो आणि पूर्ण रूप यायला वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो.

म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी तुमचा मुलगा आजच्यापेक्षा विरळ दिसण्याचीच शक्यता आहे. तेव्हा मुलीकडच्यांना आधीच सरळ सांगून टाका. केस लावून घेणे हा काही गुन्हा नाही. पण टोपीखाली लपवलेली गोष्ट लग्नानंतर कळली, तर विश्वासाला तडा जातो. खरे ऐकून जी मुलगी होकार देईल, ती पुढे अडचणीच्या वेळीही त्याच्याबरोबर उभी राहील. केसांवरून जे घर नकार देईल, तिथे आपला मुलगा न गेलेलाच बरा.

आणि मुलालाही एक सांगा. पुढच्या वेळी असे काही करायचे असेल तर घरी सांगून कर. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री उशा रचायला, पाणी उकळायला आणि ताप पाहायला घरचे माणूस लागते.

जयभीम.