ठळक अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे

अब्बा गेल्यावर त्यांच्या आठवणींच्या वह्या मी टाइप करायला घेतल्या. मजकूर मराठीत आणि मधूनमधून उर्दू लिपीतले शेर. शाळा सांभाळून दोन वर्षं लागली, १८० पानं झाली. फाइल घेऊन छापखान्यात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "सर, हे ए-फोर पान आहे. पुस्तक डेमीत करायचंय ना?" त्यानं पानाचा आकार बदलला आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं विस्कटलं. स्पेस दाबून मधोमध आणलेली शीर्षकं भलतीकडे सरकली. एंटर मारून नव्या पानावर नेलेली प्रकरणं पानाच्या मध्येच सुरू झाली. हातानं टाइप केलेल्या अनुक्रमणिकेतला एकही आकडा जुळेना.

यात त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. मी संगणकाचा टाइपरायटर केला होता.

आपण शीर्षक निवडतो, ठळक करतो, मोठं करतो. आपल्याला ते शीर्षक दिसतं, पण संगणकाला फक्त मोठी, ठळक अक्षरं दिसतात. त्याच ओळीला वर्ड किंवा लिबरऑफिस रायटरमध्ये 'हेडिंग १' ही स्टाइल दिली, की हे प्रकरणाचं नाव आहे हे त्याला कळतं. मग अनुक्रमणिका तोच तयार करतो. पानं बदलली, की ती एकदा अद्ययावत करायची, आकडे आपोआप जुळतात. 'प्रत्येक प्रकरण नव्या पानावर' ही सूचनाही त्या स्टाइलमध्येच देता येते. शीर्षकाचा आकार बदलायचा, तर स्टाइल एकदा बदलायची, पुस्तकभरची शीर्षकं बदलतात.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुने कातिब लिहायला बसण्याआधी मिस्तर वापरत. पुठ्ठ्यावर ठरावीक अंतरानं दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवून दाबायचा, की ओळींच्या खुणा उमटत. प्रत्येक पान वेगळं आखायची गरज नसे. स्टाइल म्हणजे आपलं मिस्तर.

दोन लिप्यांत लिहिणाऱ्यांना तर याची जास्तच गरज आहे. लिबरऑफिसमध्ये देवनागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या 'सीटीएल' या एकाच गटात येतात. मी बरेच दिवस 'वेस्टर्न'च्या रकान्यात आकार बदलत होतो आणि देवनागरी ढिम्म हलत नव्हती. शिवाय दोन्ही लिप्यांना फाँटचा रकाना एकच. त्यामुळे मराठी परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये उर्दू शेर टाकला, की त्याला नस्तालीक मिळत नाही. उपाय सोपा आहे. 'शेर' नावाची वेगळी स्टाइल करायची. त्यात नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट, दिशा उजवीकडून डावीकडे आणि दोन ओळींत जास्त अंतर ठेवायचं, कारण नस्तालीकमध्ये शब्द तिरका खाली उतरत जातो. मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा.

कुणी म्हणेल, हे काम डीटीपीवाल्याचं, लेखकानं कशाला शिकायचं? पण आपल्याकडची कितीतरी पुस्तकं लेखक स्वतःच्या खिशातून छापतात. निवृत्त शिक्षक पेन्शनमधून छापतात. विस्कटलेली फाइल पुन्हा बसवायचे पैसे त्यांनाच मोजावे लागतात. स्टाइल लावलेली वर्डची फाइल इनडिझाइनमध्ये घेतली, की त्या स्टाइल्स तिथंही ओळखल्या जातात आणि पुढचं काम हलकं होतं.

मी बीएड केलं, संगणकाचा कोर्सही केला. ठळक कसं करायचं, रंगीत चौकट कशी काढायची, हे शिकलो. स्टाइल हा शब्द कुणी उच्चारला नाही. आज माझे विद्यार्थी प्रकल्पाच्या फायली तशाच करतात. निबंधात आपण त्यांना मुद्दा आणि उपमुद्दा वेगळा करायला शिकवतो. तेच संगणकावर शिकवायला एक तास पुरेल. माझ्या मते, तो तास पहिल्याच आठवड्यात हवा.

अब्बांची फाइल मी नव्यानं बांधली, आठ रविवार गेले. पुस्तक छापून आलं तेव्हा अम्मी म्हणाल्या, "बेटा, अक्षर बारीक आहे." घरी येऊन मूळ मजकुराच्या स्टाइलचा आकार १२चा १८ केला, अनुक्रमणिका अद्ययावत केली आणि त्यांच्यासाठी एक प्रत प्रिंट करून आणली. आकार बदलायला दोन मिनिटं लागली. अम्मी आता रोज दोन पानं वाचतात.