पद्मिनीची पाठचिकित्सा

आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली गेली चार वर्षे एक मोटार सुटी करून ठेवलेली आहे आणि ती हळूहळू पुन्हा जोडली जात आहे. महाविद्यालयातील सहकारी भेटले की विचारतात, "काय, जीर्णोद्धार कुठवर आला?" प्रश्न थट्टेचा असतो, पण शब्द आम्हाला खटकतो. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की काय होते ते गावोगावची देवळे सांगतात. काळ्या पाषाणावर तैलरंग चढतो, सभामंडपात चकचकीत फरशी बसते, जुने कोरीव खांब घासून गुळगुळीत होतात, आणि देऊळ 'नव्यासारखे' झाले म्हणून सर्वांना समाधान वाटते. जुन्या मोटारींच्या बाबतीतही हेच समाधान आज प्रतिष्ठा पावले आहे. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. घरी जुनी गाडी उभी करणे हे पाठचिकित्सेच्या जातीचे काम आहे. ते रंगसफेदीच्या वृत्तीने केले, तर जे वाचवायचे तेच आधी नष्ट होते. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. स्वतः केलेल्या एका चुकीतून शिकलो.

आम्ही नवराबायको दोघेही मराठीचे अध्यापक. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारी हे आमचे गाव. गाडी आहे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी ती १९९१ मध्ये जुनीच विकत घेतली आणि २००९ पर्यंत चालवली. पुढे ती झाडाखाली उभी राहिली. हवा कोरडी असल्यामुळे पत्रा समुद्रकाठच्या गाड्यांइतका सडला नाही, मात्र उन्हाळ्यांनी रबराचा प्रत्येक तुकडा वाळून फुटला.

या गाडीचे सोलापूरशी असलेले नाते आमच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. शहरातील महाविद्यालयांना असलेले त्यांचे नाव रोज उच्चारले जाते, पण त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि पुढे फियाटशी करार झाला, हा तपशील मागे पडला आहे. इटलीतील फियाट ११०० आपल्याकडे आली ती अशी. तिच्या पन्नाशीतल्या गोलमटोल अवताराला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले, १९६४ मध्ये 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून याच वाणाची गाडी 'पद्मिनी' झाली. चितोडच्या ज्या राणीचे हे नाव समजले जाते, ती आपल्याला प्रथम भेटते जायसीच्या 'पद्मावत' या सोळाव्या शतकातील काव्यात. म्हणजे इटलीचा आराखडा, कुर्ल्याचा कारखाना, सोलापुरात जन्मलेला उद्योजक आणि अवधी काव्यातून आलेले नाव! संहितेचे इतके संस्कार एका ग्रंथावरही क्वचितच झाले असतील. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अशी गाडी 'मूळ स्वरूपात' आणायची म्हणजे कोणत्या स्वरूपात? कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशीच्या? आमची गाडी मुळात फिकट पिवळसर होती. पहिल्या मालकाने ती निळी केली आणि आमच्या घरात ती निळीच आली. चालकाच्या पायाखालचा पत्रा सडल्यावर कोणी कारागिराने तिथे तेलाच्या डब्याचा जाड तुकडा कापून जोडला होता, त्यावरची पुसट अक्षरे अजून दिसतात. कार्ब्युरेटरच्या दांडीला सायकलची स्प्रिंग लावलेली होती. हे सारे प्रक्षेप म्हणायचे काय?

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. त्यांच्या दृष्टीने मूळ ग्रंथ आणि मागाहूनची भर यांत स्पष्ट रेषा होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच मार्गाने गेली, परंतु तिथे आणखी एक शहाणपण दिसते. ज्या श्लोकांना हस्तलिखितांचा पुरेसा आधार मिळाला नाही, ते संपादकांनी फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. वाचकाला मूळ संहिताही मिळाली आणि शतकानुशतके लोकांनी तिचे काय केले तेही मिळाले.

आम्हाला हे शहाणपण वर्गात होते, अंगणात नव्हते. कामाच्या पहिल्याच महिन्यात उत्साहाच्या भरात आम्ही डिकीचे झाकण उतरवले. त्याच्या आतल्या बाजूला तैलरंगाने काढलेल्या बारीक रेघोट्या आणि काही आकृत्या होत्या. ग्रीस आणि धूळ बसून त्या काळवंडल्या होत्या. आम्ही त्या कोणा पोराच्या उचापती समजलो आणि खरकागदाने घासून पत्रा उघडा केला. संध्याकाळी मिस्त्री आले. ते मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. झाकणाकडे बघून म्हणाले, "सर, ते पुसलात व्हय? आमच्या मामाचा हिशोब हुता की त्यो."

ते कन्नड आकडे होते. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला, टॅपेट केव्हा लावले, हेड केव्हा उतरवले, यांची नोंद मिस्त्रींचे मामा प्रत्येक गाडीच्या डिकीत करीत असत, कारण मालक बदलतो, वही हरवते, गाडी मात्र फिरून गॅरेजात येते. वीसेक वर्षांचा तो लेखाजोखा होता. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांविषयी हळहळणारे, समासातील टीपा जपाव्यात असे दरवर्षी वर्गात सांगणारे आम्ही, स्वतःच्या दारातली लिपी ओळखू शकलो नाही. त्याचे छायाचित्रसुद्धा घेतलेले नव्हते.

तेव्हापासून आमची कामाची पद्धत बदलली. कोणताही भाग उतरवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यायची, प्रत्येक बोल्टाला चिठ्ठी बांधायची, काढलेला भाग निकामी असला तरी नाव लिहून खोक्यात ठेवायचा. हीच आमची परिशिष्टे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्यूरिन सनदेतही हाच विचार आहे, हे आम्हाला नंतर कळले. वस्तूच्या इतिहासाचा भाग झालेले बदल सरसकट पुसू नयेत आणि नव्याने बसवलेले भाग ओळखता येतील अशी खूण करावी, असे ती सुचवते.

याचा अर्थ जे आहे ते तसेच ठेवायचे असा नव्हे. गाडी पोथीसारखी कपाटात राहत नाही. तिला रस्त्यावर जायचे असते आणि रस्त्यावर इतर माणसे असतात. म्हणून ब्रेकच्या चारही ड्रमांतील सिलिंडरांची रबरे, ब्रेकच्या नळ्या आणि तडकलेल्या वायरी यांत आम्ही भावनेला जागा दिली नाही. ते सारे नवे आहे. बारा वर्षे जाम झालेले इंजिन मात्र घाईने फिरवले नाही. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले, आठवडाभर मुरू दिले, मग गाडी वरच्या गिअरात टाकून हाताने मागेपुढे हलवली. सहाव्या दिवशी पिस्टन सुटले. १०८९ सीसीचे हे साधे इंजिन आहे. त्याला संगणक नाही. डेल्कोतील पॉइंटांची फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी राखली, कार्ब्युरेटरची जेट साफ केली आणि ठिणगी वेळेवर पडली, की ते बोलू लागते. घरी दुरुस्ती शक्य होते ती या साधेपणामुळे.

पायाखालचा तो डब्याचा पत्रा आम्ही ठेवला. सडलेल्या कडा कापून त्याच्याभोवती नवा पत्रा जोडला. रंगही निळाच ठेवणार आहोत, कारण आमच्या घराने जगलेली गाडी निळी होती. दाराच्या आतल्या बिजागरीपाशी मूळ पिवळसर रंगाचा तळहाताएवढा तुकडा मात्र तसाच उघडा ठेवला आहे.

येथे कोणी मिलिंदपञ्हाची आठवण करून देईल. नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय? कोणताही भाग रथ नसेल तर 'रथ' हा केवळ व्यवहार उरतो. मग आमच्या आग्रहाला अर्थ काय? आम्ही ते तत्त्वज्ञान मान्य करतो आणि त्यातूनच आमचा निष्कर्ष काढतो. 'पद्मिनी' हा व्यवहार ज्यांच्या हातांनी चालू राहिला, त्यांच्या खुणा जाऊ दिल्या तर मागे उरतो तो केवळ सुट्या भागांचा ढीग, मग तो कितीही चकचकीत असो.

कायद्याची दृष्टी वेगळी आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने आणि मोठा फेरफार न झालेले वाहन 'व्हिंटेज' ठरते, त्याला 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते आणि नेहमीच्या वापराला ते चालत नाही. नियम असणे चांगलेच, पण त्यामागचा आदर्श संग्राहकाचा आहे. ज्याच्याकडे मूळ बंपर, मूळ दिवे, बंद गॅरेज आहे त्याचा. चाळिशी ओलांडलेली, डब्याचा पत्रा लावून चालत राहिलेली गाडी धड व्हिंटेज नाही, धड नवी नाही. तिला दर पाच वर्षांनी योग्यता सिद्ध करीत सामान्य वाहनांच्या रांगेत उभे राहावे लागते. आणखी एक गमतीची अडचण आहे. ज्या उसाने आमचा जिल्हा व्यापला आहे, त्याच उसाचे इथेनॉल आज वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलात असते. ते ओलावा धरते आणि जुनी रबरे खाते. नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

आता एक आक्षेप, जो आम्ही स्वतःच स्वतःवर घेतो. आमच्याच गावाच्या शिवारात गोदूताई परुळेकर विडी कामगार घरकुलाची दहा हजार घरे २००६ मध्ये उभी राहिली. रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. हजार विड्या वळून दिवसाची मजुरी मोजणाऱ्या बायांच्या शेजारी बसून चाळीस वर्षांच्या मोटारीवर पैसे घालणे हा चोचला नव्हे काय? काही अंशी आहे. पगारदारांना परवडणारा छंद आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या कामात सर्वांत मोलाचे जे हाती आले ते पैशाने मिळणारे नव्हते, आणि ते मोटारमालकांचे नव्हतेच. ते कारागिरांचे होते. किंगपिन झिजल्याचे स्टेअरिंगच्या थरथरीवरून ओळखणे, पाट्याचा आवाज आणि सायलेन्सरचा आवाज वेगळा करणे, टॅपेटची 'टिकटिक' किती असावी हे कानाने ठरवणे, हे ज्ञान कुठेही लिहिलेले नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी यांच्या मिश्रणात ते बोलले जाते आणि शिकाऊ पोराला पाना देता देता मिळते. आज ती पोरे येत नाहीत. नव्या गाडीचा दोष संगणक सांगतो, आणि जुनी गाडी भंगारात जाते. मिस्त्रींच्या हाताखाली सध्या कोणीही नाही.

आपण भाषेचे अध्यापक लोकगीते, ओव्या, म्हणी यांचे संकलन करतो, ते योग्यच आहे. गॅरेजची बोली मात्र आपल्याला मौखिक परंपरा वाटत नाही, कारण तिला ग्रीसचा वास येतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांना विषय नाहीत अशी तक्रार आपण दरवर्षी करतो. आपल्या गावातल्या एका वृद्ध मिस्त्रीजवळ विद्यार्थ्याला महिनाभर बसवावे, शब्द त्याच्या उच्चारासह टिपून घ्यावेत, आणि त्याने भिंतीवर, फळीवर, डिकीवर जे लिहिले असेल त्याचे छायाचित्र खरकागद हाती घेण्याआधी घ्यावे.

डिकीच्या झाकणाची आतली बाजू आम्ही अद्याप रंगवलेली नाही. ते आकडे पुन्हा काढून घ्यावेत असे एकाने सुचवले होते. पण आता काढले तर तो बनावट पाठ होईल. मिस्त्रींना आठवते तेवढे त्यांनी सांगितले आणि आम्ही ते वहीत त्यांच्या नावाने, आठवणीतून म्हणून, उतरवून घेतले आहे. पत्र्यावर गंज धरू नये एवढ्यासाठी साधा प्रायमर मारला आहे. पुढची नोंद त्यावर मिस्त्री करतील, त्यांच्या आकड्यांत.