दहाचं नाणं चालतंच!

‘दहाचं नाणं नको, नोट द्या!’ रिक्षात, भाजीच्या गाडीवर हे तुम्हीही ऐकलं असेलच. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: ‘दहा रेषांचं असली, पंधरा रेषांचं नकली.’ कुणी म्हणतं, रुपयाचं चिन्ह नसेल तर खोटं.

अहो, पण ते चिन्हच मुळी २०१० साली ठरलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते येणार कुठून? नवी नक्षी आली म्हणून जुनं नाणं रद्द होत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट सांगितलंय, की दहाच्या नाण्यांचे तोवर आलेले १४ही प्रकार वैध आहेत.

तरी अफवा जिवंत का? कारण ‘मला चालेल हो, पण पुढचा घेत नाही.’ पुढचाही हेच म्हणतो! यात अडकतो तो दिवसभर सुट्ट्या पैशांवर धंदा करणारा चहावाला. त्याच्या गल्ल्यातली खरी कमाई तशीच पडून राहते.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी सुट्ट्यांत दहाचं नाणं आलं, तर कुरकुर न करता खिशात टाका. कुणीतरी ‘पुढचा’ व्हायला हवं ना? तो आपणच होऊया.